अन्नाची आणि त्वचेची अ‍ॅलर्जी: ओळखायची कशी, तपासायची कधी? नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी नागपुरात त्वचारोगाच्या दवाखान्यात परिचारिका आहे. हातावर टेस्टचे थेंब टाकायचे, पाठीवर पट्ट्या लावायच्या आणि मधल्या वेळात समोरच्याचं ऐकून घ्यायचं, हे माझं रोजचं काम. त्या टेबलापाशी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहिले आहेत. निदान आणि औषध डॉक्टरांनीच सांगायचं. पण त्यांच्याकडे जाण्याआधी काय बघायचं, काय लिहून ठेवायचं आणि कुठल्या तपासणीवर पैसे घालवायचे नाहीत, एवढं तरी तुमच्या हाती असावं असं मला फार वाटतं.

जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी कशी ओळखायची? तेव्हा काय करायचं?

हा प्रश्न लोक शेवटी विचारतात, म्हणून मी तो आधी घेते. काही खाल्ल्यावर, औषध घेतल्यावर किंवा मधमाशी चावल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत, अंगावर गांधी (खाजरे, फुगीर चट्टे) उठल्या आणि त्यासोबत ओठ-जीभ सुजली, आवाज घोगरा झाला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, उलट्यांवर उलट्या झाल्या, चक्कर आली किंवा मूल एकदम मलूल पडलं, तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या ज्या दवाखान्यात इमर्जन्सी विभाग आहे तिथे गाठा. कधीकधी अंगावर काहीच उठत नाही आणि थेट श्वास किंवा रक्तदाब बिघडतो, हेही लक्षात असू द्या.

माणसाला आडवं झोपवा, पाय उशीवर उंच ठेवा. दम लागत असेल तर बसू द्या. उठवून चालवत नेऊ नका. तोंडात ताक, लिंबूपाणी, काहीही घालू नका. या प्रसंगी खरं औषध एकच, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत दिलेलं अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन. सेट्रिझिनच्या गोळीने खाज थांबते, पण सुजलेला घसा उघडत नाही. गोळी देऊन अर्धा तास बघू म्हणणारे नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि तो अर्धा तास फार महाग पडतो.

बरं वाटलं तरी काही तास दवाखान्यातच थांबा, कारण त्रास दुसऱ्यांदा उसळू शकतो. एकदा असं झालेल्या माणसाने डॉक्टरांशी घरी अ‍ॅड्रेनॅलिन ठेवण्याबद्दल बोलावं. टोचायला तयार असलेलं पेन आपल्याकडे सहज मिळत नाही, त्यामुळे काही डॉक्टर अँप्यूल (औषधाची काचेची कुपी), सिरिंज आणि वजनाप्रमाणे काढलेला डोस लिहून देतात, घरच्यांना टोचायलाही शिकवतात.

अंगावर पित्त उठलं म्हणजे काहीतरी खाण्यातलंच ना?

नेहमी नाही. ‘पित्त’ या शब्दानेच अर्धा घोळ होतो. छातीत जळजळतं ते पित्त वेगळं आणि अंगावर उठतं ते वेगळं. दुसऱ्यात त्वचेतल्या पेशी हिस्टामिन नावाचा पदार्थ सोडतात, आणि गांधीलमाशी चावल्यासारखे फुगीर, लालसर, खाजरे चट्टे येतात. लहान मुलांमध्ये याचं अगदी नेहमीचं कारण म्हणजे साधा व्हायरल ताप. मोठ्यांमध्ये दुखण्याच्या गोळ्याही पुष्कळदा निघतात. लोक आदल्या रात्रीचं जेवण आठवत बसतात आणि डोकेदुखीची गोळी सांगायची राहते.

घरी एक करून बघा. एका गांधीभोवती बॉलपेनने गोल काढा आणि वेळ लिहा. खरी गांधी २४ तासांच्या आत त्या जागेवरून मागमूस न ठेवता जाते, नवी दुसरीकडे उठते. गोलातला चट्टा दुसऱ्या दिवशीही तसाच असेल, दुखत असेल किंवा काळानिळा डाग ठेवून गेला असेल, तर ते वेगळं काही आहे. तो गोल तसाच ठेवून दाखवायला या.

आमसुलाचं पाणी अंगाला लावायला माझी हरकत नाही, थंडावा मिळतो. पण सहा आठवड्यांच्या वर गांधी येत-जात राहिल्या तर त्यामागे अन्न क्वचितच असतं. अशा माणसाने शंभर पदार्थांची तपासणी करून घेण्यात काही अर्थ नाही. आणि आपल्या एप्रिल-मे महिन्यांत घाम फुटला की टाचणीच्या डोक्याएवढ्या खाजऱ्या पुटकुळ्या अंगभर उठून अर्ध्या-एक तासात जातात, तो प्रकार उष्णतेचा असतो. घामोळ्या तशाच दिवसेंदिवस राहतात, या राहत नाहीत.

एखादा पदार्थ सोसत नाही आणि एखाद्याचं वावडं आहे, यात फरक काय?

वावड्यात शरीराची संरक्षण यंत्रणा त्या पदार्थातल्या प्रथिनाला शत्रू समजते. म्हणून थोडंसं पोटात गेलं तरी पुरतं, त्रास लवकर होतो आणि जवळपास दर वेळी होतो. दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गॅस होतो, पण चहातलं दूध आणि दही चालतं, तर ती बहुधा दुधातली साखर न पचण्याची तक्रार आहे. सावजी रस्सा खाल्ल्यावर नाका-डोळ्यांतून पाणी येणं ही अ‍ॅलर्जी नव्हे, ते तिखट आहे.

एक उदाहरण मला नेहमी आठवतं. कॉलेजातला मुलगा, दर रविवारी सकाळी ओठ सुजायचे, घशात खाजायचं. “सिस्टर, काहीच नाही खाल्लं हो, फक्त पोहा खाल्ला.” घरी पोहे खाऊन काही होत नव्हतं, म्हणून सगळ्यांचा संशय बाहेरच्या पोह्यातल्या फल्लीदाण्यांवर (शेंगदाण्यांवर). मी विचारलं, पोह्यावर तर्री घेतोस का? घ्यायचा, आणि तर्रीत चणे. मग त्यालाच आठवलं की आत्याकडे पाटवडी खाल्ली तेव्हाही तोंड खाजलं होतं. प्रिक टेस्टमध्ये (थेंब टाकून टोचायची तपासणी, ती पुढे सांगते) हरभरा निघाला. बेसन आपल्याकडे झुणक्यापासून सांबारवडीपर्यंत कशाकशात आहे, ते वेगळं सांगायला नको. परदेशी यादीत शेंगदाणे, अंडी, दूध ठळक असतात. आपल्या ताटात हरभऱ्यासारख्या डाळींवरही लक्ष ठेवावं लागतं.

पोळी खाऊन लगेच धावायला किंवा बॅडमिंटनला गेलं तरच त्रास आणि एरवी काही नाही, असाही एक गव्हाचा प्रकार असतो. म्हणून खाण्याबरोबर तुम्ही तेव्हा काय करत होता, हेही सांगा.

संत्री खाल्ली की मुलाच्या तोंडाभोवती लाल होतं. नागपुरात राहून संत्रं बंद करायचं का?

लगेच नका करू. संत्र्याच्या आंबट रसाने आणि सालीतल्या तेलाने ओठांभोवतीची नाजूक कातडी नुसती चुरचुरते. लाळ गळणाऱ्या बाळांमध्ये हे जास्त दिसतं. लाली फक्त रस लागला तिथेच असेल आणि तासाभरात जात असेल, तर आधी ओठांभोवती पेट्रोलियम जेली लावा, फोडी सोलून द्या आणि खाऊन झाल्यावर तोंड पुसा. अंगावर दुसरीकडे गांधी उठल्या, डोळे सुजले, उलटी झाली किंवा खोकला लागला, तर मात्र थांबवा आणि दाखवा.

प्रिक टेस्ट म्हणजे काय? दुखते का?

हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा करून प्रत्येक खुणेशी एका पदार्थाचा थेंब ठेवतात आणि बारीक टोकाने त्यातून कातडीला हलकं टोचतात. रक्त येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा असतो, तो फुगलाच पाहिजे. एक सलाइनचा, तो फुगता कामा नये. १५ ते २० मिनिटांनी पट्टीने मोजतात. सलाइनपेक्षा ३ मिलिमीटर किंवा जास्त फुगवटा आला तर टेस्ट पॉझिटिव्ह. ती वीस मिनिटं खाजवायचं नाही, एवढंच अवघड. लहान मुलांना मी हातावर फुंकर घालायला सांगते.

सेट्रिझिन, लिव्होसेट्रिझिन यांसारख्या गोळ्या साधारण ५ ते ७ दिवस आधी बंद लागतात, नाहीतर हिस्टामिनचाही थेंब फुगत नाही आणि टेस्ट फुकट जाते. सर्दीच्या कित्येक गोळ्या-सिरपमध्ये हीच औषधं असतात, म्हणून पाकिटं सोबत आणा. रक्तदाबाची किंवा दम्याची औषधं मनाने बंद करू नका, फक्त कुठली चालू आहेत ते सांगा. गरोदरपणात ही टेस्ट बहुधा पुढे ढकलतात.

मग रक्ताची तपासणी कधी?

गोळ्या बंद करता येत नाहीत, हातभर इसब आहे किंवा आधी जिवावरची रिअ‍ॅक्शन येऊन गेली आहे, तेव्हा. ही तपासणी ठरावीक पदार्थाविरुद्धचं रक्तातलं आयजीई (वावड्यामागचं प्रतिपिंड) मोजते. ०.३५ च्या वर आकडा आला की लॅब पॉझिटिव्ह लिहिते. गोळ्यांनी तिच्यावर परिणाम होत नाही. ‘टोटल आयजीई’ ही वेगळी तपासणी. ती जंतांमुळे, इसबामुळे, दम्यामुळेही वाढलेली असते आणि तुम्हाला कशाचं वावडं आहे ते अजिबात सांगत नाही.

दोनशे पदार्थांचं पॅनेल एकदाच करून टाकलं तर?

हात जोडून सांगते, करू नका.

पॉझिटिव्हचा अर्थ एवढाच की तुमचं शरीर तो पदार्थ ओळखतं. खाल्ल्यावर त्रास होईलच असं नाही. पॉझिटिव्ह आलेले कितीतरी लोक तोच पदार्थ आयुष्यभर मजेत खातात. म्हणून आधी कहाणी, मग कहाणीत आलेल्या तीन-चार पदार्थांचीच टेस्ट. उलट्या क्रमाने गेलात तर कागद तुमचं ताट रिकामं करतो.

काटोलकडून एक पाच वर्षांचा मुलगा आला होता. कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्यांमध्ये इसब. कुठल्याशा लॅबमध्ये मोठं पॅनेल केलेलं, त्यात चौदा ओळी लाल. गहू, दूध, तूर, टोमॅटो, अंडं असं सगळं घरच्यांनी त्या कागदावरून बंद केलं. आठ महिने पोरगा मुगाच्या वरणावर आणि भातावर होता. वजन घटलेलं, खाज तशीच. त्याच्या आईच्या पिशवीत डबा होता. तिने उघडून दाखवला तेव्हा भाताच्या मुदीवर पातळ वरण, बाकी काही नाही. डॉक्टरांनी इसबाचा नीट उपचार केला आणि एकेक पदार्थ दवाखान्यात देखरेखीखाली परत चालू केला. चौदांपैकी फक्त अंडं खरं निघालं. तुपात बुडवलेली पोळी त्याने आमच्यासमोर खाल्ली तेव्हा त्याची आई पदर डोळ्यांना लावून बसली होती. त्या माऊलीने काय चुकीचं केलं होतं? हातात छापील कागद होता, तो तिने मानला.

इसब असलेल्या मुलाचा पदार्थ दीर्घकाळ तोडला तर आधी चालणाऱ्या पदार्थाचंच खरं, झटकन येणारं वावडं तयार होऊ शकतं. म्हणून बंद केलेलं परत चालू करताना घरी प्रयोग नको.

आयजीजी पॅनेल तर आणखीच फसवं. आयजीजी हे रक्तातलं दुसरं प्रतिपिंड, आपण जे खातो त्याविरुद्ध ते तयार होतच असतं. त्यातून एवढंच कळतं की तुम्ही पोळी खाता. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संस्थांनी अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी ते वापरू नये असं स्पष्ट म्हटलं आहे. केसांची तपासणी, हातात दांडा धरायला लावणारी यंत्रं, यांचाही काही उपयोग नाही.

शंका उरलीच तर निर्णायक परीक्षा एकच आहे: दवाखान्यात, इंजेक्शन तयार ठेवून, तो पदार्थ कणाकणाने वाढवत खाऊ घालणं.

आणि पॅच टेस्ट? ती कशासाठी?

लागून होणाऱ्या अ‍ॅलर्जीसाठी. टिकली, डाय, चप्पल, दागिना, सिमेंट यांनी येणारं इसब एक-दोन दिवसांनी फुलतं, त्यामुळे वीस मिनिटांच्या प्रिक टेस्टमध्ये ते दिसणार नाही. ‘टेस्ट केली, काही निघालं नाही’ म्हणणारे निम्मे लोक चुकीची टेस्ट करून आलेले असतात.

पाठीच्या वरच्या भागावर छोट्या वाट्यांच्या पट्ट्या लावतात, त्या ४८ तास ठेवतात. काढल्यावर एकदा बघतात आणि ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा. दुसरं वाचन चुकवू नका, काही गोष्टी उशिराच उमटतात. म्हणजे सोमवारी लावली तर बुधवारी आणि शुक्रवारी सुट्टी काढायची. तोवर पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येऊ द्यायचा नाही. आता हे नागपूरच्या मे महिन्यात कसं जमणार? पट्ट्या दुपारपर्यंत सुटतात. घाई नसेल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतची तारीख घ्या. पाठीवर आठवडाभर आधी स्टेरॉइडचं मलम नको, पोटात स्टेरॉइड चालू असेल तर आधी सांगा.

आपल्या भागात त्वचेच्या अ‍ॅलर्जीला नेहमी कारण ठरणाऱ्या गोष्टी कोणत्या?

पहिलं गाजर गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज आपल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर ते पांढऱ्या फुलांनी उभं आहे. त्याचे कण हवेतून येऊन बसतात. चेहरा, मान, कोपराच्या घड्या जाड, काळपट आणि खाजऱ्या होतात. उन्हाची अ‍ॅलर्जी समजून लोक छत्री घेऊन फिरतात. फरक ओळखायची जागा सांगते: वरच्या पापण्या, कानामागचा भाग आणि हनुवटीखालचा भाग. तिथे ऊन पोचत नाही, कण पोचतात. हे गवत उघड्या हाताने उपटू नका, जाळूही नका. फुलायच्या आधी हातमोजे घालून काढा आणि घरी आल्यावर आंघोळ करून कपडे बदला.

दुसरा बिबा, म्हणजे भिलावा. टाचेच्या भेगांना, रुतलेल्या काट्याला लावायची आपल्याकडे जुनी रीत. तो उतला की पाणीदार फोड येतात आणि चिकाचा हात लागेल तिथे पसरतात. आंबा आणि काजू याच कुळातले, म्हणून देठाचा चीक लागून ओठ उततात, गर मात्र बहुतेकांना चालतो. बिबा एकदा उतलेल्या माणसाने गोडंबीही (बिब्याच्या आतलं बी) जपूनच खावी.

टिकलीचं मला घरचं दुःख आहे. माझ्या आईच्या कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा ठिपका आला, आणि घासून झालं असेल, जाईल म्हणून आम्ही वर्षभर दुर्लक्ष केलं. बऱ्याच टिकल्यांच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफेनॉल नावाचं रसायन असतं. ते आधी खाज आणतं आणि पुढे त्वचेचा रंगच घालवतं. तो रंग पूर्ण परत आला नाही. टिकलीखाली खाज सुटली की त्या दिवशीच टिकली बंद करा.

केसांच्या डायमधलं पीपीडी (पॅरा-फेनिलिनडायामिन) हे नाव लक्षात ठेवा. झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेंदी’तही ते असतं. डोळे सुजण्याइतकी रिअ‍ॅक्शन एकदा आली असेल तर ब्रँड बदलून पुन्हा प्रयत्न नको. खोट्या दागिन्यांतलं आणि जीन्सच्या बटणातलं निकेल, गवंडीकाम करणाऱ्यांना सिमेंटमधलं क्रोमेट आणि चपलेतलं रबर हीही नेहमीचीच. लसूण सोलणाऱ्या बाईच्या डाव्या हाताची बोटंच फुटलेली असतात, कारण पाकळी त्या हातात धरलेली असते.

ही अ‍ॅलर्जीच आहे, की खरूज किंवा नायटा?

रात्री खाज वाढते, बोटांच्या बेचक्यांत आणि कमरेभोवती पुरळ आहे, घरात आणखी कोणाला खाजतंय, तर खरूज. सगळ्या घराने एकाच वेळी औषध लावावं लागतं. गोल चट्टा, कडेला लाली आणि मध्ये साफ, तर नायटा. त्यावर मेडिकल स्टोअरमधून आणलेलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावलं की दोन दिवस गार वाटतं आणि मग तो पसरतो, ओळखूही येईनासा होतो. असं मलम लावलं असेल तर लपवू नका, ट्यूब घेऊन या. कोणी रागावणार नाही.

बाळाला शेंगदाणे, अंडं उशिरा द्यावं का?

आधी तसं सांगायचे, आता नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या लीप अभ्यासात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तर पाच वर्षांच्या वयाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. सहा महिन्यांनंतर वरचं खाणं चालू झालं की दाण्यांचं मऊ वाटण, पूर्ण शिजलेलं अंडं थोडं थोडं द्यावं. अख्खा दाणा मात्र नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. बाळाला तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. गाईच्या दुधाचं वावडं असेल तर बकरीचं किंवा म्हशीचं देऊन बघू नका, प्रथिनं बरीच सारखी असतात. दुधाचं वावडं बहुतेक मुलांचं मोठेपणी जातं, म्हणून ठरावीक काळाने पुन्हा तपासावं.

बाहेरचं खाताना काय बघायचं?

पाकिटावर एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेची केंद्रीय संस्था) नियमाने ग्लूटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे जीव, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे आणि सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणावरचं सल्फाइट यांची सूचना असते. हरभरा त्या यादीत नाही, म्हणून घटकांची पूर्ण ओळ वाचा. ठेल्यावर आणि लग्नाच्या पंगतीत पाकीट नसतं, तिथे विचारावंच लागतं: रश्श्यात दाण्याचा कूट आहे का, भज्यांच्या तेलातच मासे तळले का. शाळेत वर्गशिक्षकांना लेखी द्या आणि डबे वाटून खाण्याबद्दल मुलाशी स्वतः बोला.

नागपुरात कुठे जायचं, आणि सोबत काय न्यायचं?

मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, तिन्हीकडे त्वचारोगाची ओपीडी आहे. धंतोली-रामदासपेठेत खासगी त्वचारोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर भरपूर आहेत. पॅच टेस्ट सगळीकडे रोज होत नाही, म्हणून ‘कुठली टेस्ट, कुठल्या वारी, किती खर्च’ एवढं आधी विचारून निघा. गावाहून येणाऱ्यांनी तर नक्कीच, पुन्हा दोन खेपा घालाव्या लागतात.

सोबत रिपोर्टांच्या फायलीपेक्षा एक साधी वही आणा. तारीख, काय खाल्लं किंवा काय लावलं, किती वाजता, त्रास किती मिनिटांनी चालू झाला, किती वेळ टिकला, कशाने गेला आणि याआधी तेच खाऊन काय झालं होतं. चट्ट्यांचे फोटो दिवसाच्या उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून काढा, कारण तुम्ही ओपीडीत पोचेपर्यंत गांधी गेलेली असते. संशयित क्रीम, टिकलीचं पाकीट, डायचा डबा, सगळं पिशवीत घाला. आणि मुलाला जो रोज भरवतो त्याला घेऊन या, मग ती आजी असो की शेजारची मावशी.